अडीच महिन्यांची वैजयंती

४ फेब्रुवारी, अबुधाबी
माझ्या रेसिडेन्स व्हिसासाठी मुलगा मिहिर याच्याबरोबर टायपिंग सेंटरला; इथे सरकारी अर्ज तेच भरून पाठवतात. जन्मदाखल्यावर नीला, विवाहदाखल्यावर वैजयंती, पासपोर्टवर शुभदा.
काउंटरवरचा माणूस : "माताजी, ये तीन लेडीज़ कौन हैं?"
"तीनों आपके सामने बैठी हैं."
चिरंजीवांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. तिन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र हवं. व्हिजिट व्हिसा २६ला संपतो.

५ फेब्रु.
नात सान्वी शाळेसाठी जपानवर प्रोजेक्ट करतेय. तिथे सम्राटांच्या काळाला नावं देत. तेराव्या शतकात धूमकेतू दिसला, म्हणून नवं नाव : र्‍याकुनिन. तेही लोकांना अपशकुनी वाटलं, अडीच महिन्यांत बदललं.
"आजी, सो रँडम!"
रँडम कसलं? लग्नात ताटातल्या तांदळात 'वैजयंती' लिहिलं. अडीच महिन्यांत सासरे जिन्यावरून पडले, सा.बाईंनी मला शुभदा केलं. पडले ते, बदलले मी. जिना तसाच राहिला.
"डिड दे आस्क यू?"
नाही गं बाई.

६ फेब्रु.
दुपारभर तेच वाचत बसले. र्‍याकुनिन आजही काळांच्या यादीत आहे, कोणी खोडलेलं नाही. त्या दिवसांत जन्मलेलं मूल आपल्या जन्मकाळाचं कुठलं नाव सांगत असेल? सापडत नाही. शोधतेय.

९ फेब्रु.
मि.चा मसुदा : 'विवाहदाखल्यावर वैजयंती हे नाव चुकून लिहिले गेले.' चुकून?
"आई, एक ओळ आहे. सही कर, खलास!"
"ओळ तुझी, सही माझी."
सूनबाई हळूच : "राहायचंय ना आई तुम्हाला इथे?"
राहायचंय. पुण्यात हे गेल्यापासून दिवस दिवस तोंड उघडत नाही, तेही माझ्यासारखीचं. पण हे मला 'वैजू' म्हणायचे ते त्याच अडीच महिन्यांत. पुढे आईच्या धाकाने 'अगं'. जन्मभर 'अगं'. ती चूक म्हणून सही करू?

१२ फेब्रु.
स्वतः लिहिलं : 'तिन्ही नावे माझीच. दुसरे सासरच्यांनी दिले, त्यांनीच बदलले. चूक कोणाचीही नाही.' शेवटचं वाक्य जड गेलं.
मि. : "असं कोणी लिहितं का!"
सेंटरवाल्याने दोनदा वाचलं. "ऐसा पहले किसी ने नहीं लिखा. भेज देता हूँ."
"चलेगा?"
"इन्शाल्ला."

२१ फेब्रु.
उत्तर नाही. मि.ने पुण्याचं तिकीट बघून ठेवलंय. 'चुकून'वाला कागदही फाइलीत आहे, सहीपुरती जागा मोकळी ठेवून. आज दोनदा फाइल उघडली. दुसऱ्यांदा पेन घेऊन.