ताइफच्या घाटातले तेल

मी, हाशम अब्दुल गफूर परकार, वय ५८, मूळचा गुहागर तालुक्यातला, सध्या सौदीत ताइफ येथे राहणारा, हे माझे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. भीती वाटते आहे, पण डोके ठिकाणावर आहे.

१. गावचे घर आणि मागची आंब्याची कलमे शरियतप्रमाणे पत्नी शरफुन्निसा, मुलगा जुनैद व मुलगी अरवा यांची. जुनैदने बहिणीकडून हक्कसोडीची सही मागू नये. मागेल असा मला संशय आहे.

२. अपघातातल्या गाड्या उचलण्याची माझी रिकव्हरी गाडी कफीलच्या, म्हणजे मला इथे कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाच्या नावावर आहे, ती त्याची. साखळ्या, जॅक, पाने माझे. ते केरू मिस्त्रीला द्यावेत. उसना नेलेला पाना पुसून परत करणारा तो एकटाच.

३. भागीदार तौकीर याला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो.

घाटात गाडी आपटली की अकरा वर्षे तौकीरच पहिला पोहोचायचा. मी त्याला नशीबवान समजत होतो. गेल्या जुलैत भर दुपारी त्याचा फोन आला, "हाशमभाई, यल्ला, लवकर या! वळणावर गाडी आपटलीय." मी पोहोचलो तर तिथे गाडीच नव्हती. रस्त्यावर तेल पसरलेले आणि तौकीर हातमोजे घालून उभा. मी उतरतोय तोच एक पांढरी गाडी आली, घसरली आणि कठड्यावर आदळली. आत शाळेत शिकवणाऱ्या नूरैनबाई होत्या. त्यांचा पाय गेला.

"तेल कुणी सांडलं?" मी विचारले.

"टँकर गळला असेल. तुम्ही हुक लावा."

मी हुक लावला. नऊ महिने गप्प राहिलो.

गेल्या गुरुवारी माझ्या गाडीतल्या कॅमेऱ्याचे त्या दुपारचे कार्ड पोलिसांना दिले. शनिवारी माझ्या ब्रेकच्या पाइपचा नट सैल निघाला. केरू म्हणाला, "हाशमभाई, हा आपोआप सुटत नाही." काल तौकीर खजूर घेऊन घरी आला. "तब्येत बरी ना?" एवढेच विचारून गेला. खजूर मी कचऱ्यात टाकले.

४. माझ्या बचतीचा तिसरा हिस्सा नूरैनबाईंना द्यावा. शरियतप्रमाणे तेवढाच हिस्सा इच्छेने देण्याचा मला अधिकार आहे.

५. बुधवारी मला जबाबाला बोलावले आहे. शरफुन्निसा फोनवर रडते, "तिकीट काढा नि घरी या." येईन, पण जबाब देऊन. मी नऊ महिने गप्प होतो, तेही सांगणार आहे. त्याबद्दल मला आत ठेवले, तर जुनैदने मला सोडवायला धावपळ करू नये.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले, वाचले आणि खाली सही केली.

हाशम अब्दुल गफूर परकार

आमच्यासमोर सही झाली:
केरू धोंडू जाधव
सिराजुद्दीन मुकादम

ताइफ, सोमवार, २१ एप्रिल २०२५