सतरा नियमांचा देव

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तुला. वरच्या कोणाला नाही, गैरसमज नको.) तुझी गाठ साधी निघाली, रिपोर्ट स्वच्छ आला, हे भाऊजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो, बसलो आणि पुन्हा उठलो. श्रेय डॉक्टरीणबाईंचं, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू ते लगेच तुझ्या देवाच्या पदरात टाकशील.

आता माझा विजय ऐक. गेली तीस वर्षं तू टोमणे मारतेस की देव न मानणारा माणूस बोलती झाडं आणि उडती जहाजं कोणत्या तोंडाने लिहितो? याच तोंडाने! नव्या कादंबरीत तर मी चक्क देवच घातला. जरा बहिरा, विसरभोळा, नदीकाठी राहणारा. त्याचे सतरा नियम लिहून भिंतीवर चिकटवले (घरकामाची यादी अशी कधी लावली नाहीत, इति बायको). स्वतःसाठी काही मागायचं नाही हा पहिला. दुसऱ्यासाठी मागायचं तर आपली सगळ्यात लाडकी गोष्ट सोडायची, हा दुसरा. असा देव लिहायला विश्वास कशाला लागतो? खुर्ची करणाऱ्या सुताराला कुठे तिच्यावर बसावं लागतं?

पुस्तक धो धो खपलं. ग्रंथालयातल्या कार्यक्रमात एक शिवणकाम करणाऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, नवऱ्याच्या तापात मी तुमच्या देवासाठी साखर सोडली, ताप उतरला. मी माइक ओढून पाऊण तास समजावलं की बाई, हा देव मी गॅलरीत बसून, कान कोरत बनवलाय. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे हो. म्हणूनच तर त्याचा पत्ता पक्का आहे." लोक हसले, पण देव माणूसच घडवतो हे भर सभेत सिद्ध झालं की नाही? टाळ्या कडाडल्या. (थोड्या त्यांनाही असतील.) तेव्हा तीस वर्षांचं भांडण मी जिंकलं, हे मोठ्या मनाने मान्य कर.

तुझा हट्टी भाऊ

ता. क. : बायको फोन करून सांगेल की बारा दिवस माझं डोकं ठणकतंय आणि मी सगळ्यांवर खेकसतोय. लक्ष देऊ नकोस. पित्तामुळे चहा बंद केलाय, एवढंच.

आणखी एक ता. क. : पित्त नाही. तुझी गाठ तपासायला गेली त्या दिवशी सोडला. दिवसाला नऊ कप पिणारा माणूस मी, तुला माहीतच आहे. सतरावा नियम असा की ज्याच्यासाठी सोडलं, त्यानेच ते आपल्या हाताने परत द्यायचं. माझेच नियम मी मोडले तर वाचक काय म्हणतील? रविवारी पहिल्या गाडीने येतोय. आधण ठेवून बस.