सगळंच तपकिरी

मंगळवार, संध्याकाळ

बीरगावच्या बाईच्या गाठीची स्लाइड आज सगळीच तपकिरी निघाली. काल रंग फिका आला होता, म्हणून आज मी फक्त रोगाच्या पेशींवर रंग धरवणारी अँटिबॉडी पातळ न करताच टाकली. आता रोगाच्या पेशी तपकिरी, बाजूच्या चांगल्याही तपकिरी. स्लाइड पाहून डॉक्टर दीदी इतकंच म्हणाल्या, "इसमें कुछ पढ़ा नहीं जाएगा." काहून केलं मी असं? गाठीतून सुईनं काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा होता, तोही स्लाइडसाठी कापून कापून संपला. बाईले पुन्हा सुई टोचावी लागणार. फोन मीच केला. सांगितलं, तुकडा लहान पडला, तांदळाच्या दाण्याएवढाच होता. ती म्हणाली, "माफ करना दीदी, सुई के टाइम मैं हिल गई थी."

मी हव म्हणून होकार भरला अन् फोन ठेवला.