पहिल्या ओळीतलं नाव

माय,

या पावसात मागच्या खोलीच्या भिंतीला वाळवी लागली, म्हणून तुझी पत्र्याची पेटी जागची हलवली. तू गेल्यापासूनच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आत तुझ्या दोन साड्या होत्या, मिस्सेला जाताना डोक्यावर घ्यायचीस तो पांढरा रुमाल होता, आणि ते प्रार्थनेचं पुस्तक. एक अक्षर वाचता येत नसताना तू ते दर रविवारी छातीशी धरून चर्चला न्यायचीस आणि लहानपणी मी त्यावरून तुला हसायची. त्या पुस्तकात घडी घातलेला एक कागद निघाला. त्या कागदापायीच लिहायला बसले आहे, पण त्याचं नंतर. आधी मी काय केलं ते सांगते. ते तुला कधी सांगितलं नाही आणि कन्फेशनमध्येही सांगितलं नाही. तिथे मी खोटं बोलल्याचं, चिडल्याचं, शुक्रवारी मटण चालत नसताना खाल्ल्याचं इमानेइतबारे सांगत आले. हे तेवढं दर वेळी राहिलं.

तू स्वयंपाकाला होतीस ते सिस्टरांच्या बोर्डिंगचं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. ऑक्टोबरची अखेर आहे, दुपारची भांडी नुकतीच पालथी घातली आहेत, आणि तू पाटावर बसून भिंतीला टेकली आहेस. मी समोर वही घेऊन. चर्चमध्ये दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या दिवसाच्या आधी लाकडी पेटी ठेवतात, तिच्यात प्रत्येक घरानं आपापल्या मेलेल्यांच्या नावांचा कागद टाकायचा आणि महिनाभर त्या नावांसाठी वेदीवर प्रार्थना व्हायची. आपल्या घरची नावं तू सांगायचीस आणि मी लिहायची. मॅट्रिक झाले तेव्हा तू मला शाईचं पेन आणून दिलंस आणि बजावलंस, "ह्या पेनान आपल्या माणसांची नावां लिव. बाकी काय लिवतलंस ता लिव." वेंगुर्ल्याहून लग्न होऊन रत्नागिरीत येऊन तीस वर्षं झाली तरी तुझी बोली काही सुटली नव्हती. नावं सांगून झाली की तू कागद मांडीवर घ्यायचीस आणि बोट ठेवत ओळी मोजायचीस. वाचता येत नव्हतं, पण तेवढी खात्री तुला हवी असायची.

धर्मशिकवणीच्या पुस्तकात त्या जागेला शुद्धिस्थान म्हटलं होतं. तू पुर्गातोर म्हणायचीस. आम्हाला पाठ करायला लावलं होतं की जे देवाच्या कृपेत मरतात पण पुरते निर्मळ नसतात, त्यांचा आत्मा तिथे शुद्ध होतो आणि मग स्वर्गात जातो. मला त्यातलं काही कळेना. तेव्हा तू चुलीवरचं मोठं पातेलं उलटं करून त्याचं काळं बूड मला दाखवलंस. "नरकात टाकलला भांडा परत कोण काढणा नाय. पुर्गातोरात ता घासूक घालतत. भांडा आपली पाठ आपण घासता काय? दुसऱ्याचो हात लागता. तो हात म्हणजे आमी." मग माझ्या नाकाला काजळाचं बोट लावून हसलीस. मेलेल्यांना स्वतःसाठी काही करता येत नाही, जे करायचं ते मागे राहिलेल्यांनी, हे मला फादरांनी नाही, तुझ्या त्या पातेल्यानं शिकवलं. म्हणून मी अजाणतेपणी केलं असं मला म्हणता येत नाही. काय रोखून धरते आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

पप्पा गेले ते अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात. पण आपल्या घरातून ते त्याच्या सहा वर्षं आधीच गेले होते. मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस एक दिवस हातखंब्याला हायवेवर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईकडे राहायला गेला आणि जाताना तुझं शिवणाचं मशीन टेम्पोत घालून घेऊन गेला. माणूस गेला त्याचं मला एवढं वाटलं नाही. मशीन गेलं आणि तू दुसऱ्यांच्या पोरांचा स्वयंपाक करायला लागलीस, ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. ते वारल्याचा निरोप घेऊन ती बाई स्वतः आपल्या दारात आली, तेव्हा मी आतून कडी लावत होते. तू माझा हात बाजूला केलास, तिला पाणी दिलंस आणि तिच्याबरोबर जाऊन त्यांना घरी आणलंस. सिमेट्रीत शवपेटी खाली सोडल्यावर सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मी माती घेतली आणि तशीच उभी राहिले. सगळ्यांच्या देखत तू माझं मनगट धरलंस. "मूठ उघड." एवढंच म्हणालीस, पण त्या आवाजात तू माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हतीस. मी मूठ उघडली. घरी येईपर्यंत मनात ठरवून टाकलं की आता यापुढे माझ्या हातून त्यांना काही मिळणार नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची यादी. अकरा नावं. "त्याचा नाव पयला घाल," तू म्हणालीस. मी पेन उघडलं आणि थांबले. ओळ सोडून देता येत नव्हती, तू बोटानं मोजणार होतीस. दुसऱ्या कुणाचं नाव दोनदा लिहावं तर तेही मला पटेना. मग मी त्या पहिल्या ओळीत तुझं नाव लिहिलं. जिवंत, समोर बसलेल्या बाईचं. प्रार्थनेत काही जोर असेल तर तो तुझ्या वाट्याला यावा, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे तो निव्वळ सूड होता. तू पहिल्या ओळीवर बोट टेकवलंस आणि विचारलंस, "घातलंस मां?" मी म्हटलं, "घातलं." तू तो कागद कपाळाला लावलास. मला राहवलं नाही, मी विचारलं, "एवढं करून त्यानं तुझ्यासाठी काय केलं गं?" तर तू पदरानं तोंड पुसून म्हणालीस, "तुका काय करूचा हा? तो सुटलो नाय तर मीव वर जावचंय नाय. दारातच बसान ऱ्हवतलंय." आणि हसलीस. तुझं ते हसणं पाहून मी तेव्हा ते थट्टेवारी नेलं.

पाच वर्षं मी असं केलं. दर नोव्हेंबरात पहिल्या आठ दिवसांत तू रोज सिमेट्रीत जायचीस, कारण त्या दिवसांत कबरीपाशी केलेल्या प्रार्थनेनं आत्म्याची शिक्षा माफ होते असं फादर सांगायचे. दिवसभर चुलीपुढे उभं राहून पाय सुजलेले असायचे, तरी चालत जायचीस. वाऱ्यानं मेणबत्ती विझू नये म्हणून नारळाच्या करवंट्या घेऊन जायचीस. मी तुझ्याबरोबर यायची, तू गुडघ्यावर बसलीस की पिशवी धरून मागे उभी राहायची. तुझे ओठ हलताना बघायची आणि तरीही पुढल्या वर्षी परत तेच करायची.

मग नवे फादर आले. त्यांना उत्साह फार. त्या वर्षी, दोन हजार तीन असेल, त्यांनी ठरवलं की नावं पेटीत पडून राहायला नकोत, सिमेट्रीतच मोठ्यानं वाचायची. संध्याकाळचं ऊन कबरींवर होतं. घरामागून घर वाचलं जात होतं आणि लोक आपल्या घरची नावं आली की क्रुसाची खूण करत होते. मग आपलं आडनाव आलं. त्यांनी पहिलं नाव वाचलं. तुझं. तू पप्पांच्या कबरीपाशी करवंटीत मेणबत्ती उभी करत होतीस. हात तसाच राहिला. मग बाकीची दहा नावं झाली आणि पुढचं घर सुरू झालं. शेजारची बाई तोंडाला पदर लावून खुसखुसली, "अगो, तू जित्ती हस मां? आता शंभर वर्सां तू खंय जावचंस नाय!" तूही हसल्यासारखं केलंस. माझ्याकडे मात्र बघितलं नाहीस. मेणबत्तीचं मेण तुझ्या बोटांवर ओघळत होतं आणि तू ते पुसतही नव्हतीस.

परत येताना मी वाट पाहत होते की तू आता विचारशील. विचारलं असतंस तर मी भांडले असते, मशीनचा विषय काढला असता, रडले असते, आणि कदाचित सगळं मोकळं झालं असतं. तू घरी आलीस, चूल पेटवायच्या आधी पातेल्याच्या बुडाला नेहमीसारखा राखेचा हात फिरवलास आणि म्हणालीस, "आधीच राख लावली तर काजळ सुटाक बरा. माकाव तू आधीच लावन ठेवलंस म्हणायचा." बस्स. ना राग, ना दुसरा प्रश्न. मी ताटं घ्यायला उठले. त्या क्षणी 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. तेवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, आणि आज याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढल्या वर्षी तू यादी सांगायला बसलीस आणि दहाच नावं सांगितलीस. मी आपणहून विचारलं, "आणि पप्पांचं?" तू म्हणालीस, "त्याचा मी बघतंय." माय, मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. मला वाटलं, शेवटी तू त्या माणसाला मनातून काढून टाकलंस. चर्चमध्ये मी आपला कागद पेटीत टाकला, तू माझ्या मागे रेंगाळलीस आणि कमरेला खोवलेलं काहीतरी काढून पेटीत टाकलंस. काही नवस असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्यानंतरच्या, ईस्टरआधीच्या उपासकाळात तू गेलीस. बोर्डिंगातच, भात वैरताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात पहिल्या ओळीत मी तुझंच नाव लिहीत आले, आता खरोखरीचं. त्यांचं कधीच नाही. तूही त्यांना सोडलं होतंस, असा मला आधार होता.

आता तो कागद. चौकटीच्या वहीतला, शाळेच्या मुलांचा असतो तसा. वरच्या ओळीत बोर्डिंगातल्या कुठल्यातरी मुलीच्या वळणदार अक्षरात पप्पांचं पूर्ण नाव आहे. त्याच्याखाली तेच नाव पानभर, दोन्ही बाजूंनी, पेन्सिलीनं. सुरुवातीच्या ओळींत नुसत्या वाकड्या रेघा आहेत, खोडून खोडून कागद फाटला आहे. मधे कुठेतरी हळदीचं बोट उमटलं आहे. शेवटच्या दोन ओळींत नाव वाचता येतं. पगाराच्या पावतीवर शेवटपर्यंत अंगठा देणारी तू, साठीला आलेली, भांडी आटोपल्यावर पोरींच्या शेजारी बसून एकच नाव लिहायला शिकलीस. स्वतःचं नाही. माझ्याशी भांडली नाहीस, मला खोटारडी म्हटलं नाहीस, फादरांकडे गेली नाहीस. माझ्या हातावर विसंबून चालणार नाही एवढं तुला समजलं आणि तू आपला हात तयार केलास. मी घरात होते, माय. हाक मारली असतीस तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते.

तो कागद मी जेवणाच्या टेबलावर तीन दिवस तसाच ठेवला आहे. पुर्गातोर आहे की नाही यावर माझं मन एका जागी राहत नाही. मिस्सेत असते तेव्हा आहे असं वाटतं, घरी आल्यावर वाटत नाही. पण तू दारात बसून राहीन म्हणाली होतीस, आणि बोललेलं तू मोडत नव्हतीस. तू एक वर्ष आपल्या हातानं त्यांचं नाव टाकलंस. त्यानंतरची पंधरा वर्षं कुणीच टाकलेलं नाही. सुजलेले पाय घेऊन तू कुठल्यातरी दारात बसली आहेस, आणि तुला तिथे बसवून ठेवणारी मी आहे, हे डोक्यात आलं की घास उतरत नाही.

काल यादी केली. तू दिलेलं पेन कधीच सुकलं, साध्या बॉलपेननं लिहिली. पहिल्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं, तुझं दुसऱ्या. लिहून झाल्यावर तुझ्यासारखं बोट ठेवून ओळी मोजल्या, बारा भरल्या. आज सकाळी जाऊन कागद पेटीत टाकून आले. हे पत्रही बरोबर नेलं होतं, पण त्या पेटीत नुसती नावं टाकायची असतात, म्हणून परत आणलं. आता ते तुझ्या कागदाबरोबर प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवते आहे.

एक मात्र तुला खरं सांगते, आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. नाव लिहिलं ते तू त्या दारातून उठावंस म्हणून. असं लिहिलेलं तिथे चालतं की नाही, मला माहीत नाही.