चाकं, शॉकअप, ब्रेक आणि आप्पा

कोल्हापूर,
५ नोव्हेंबर २००४

ति. सौ. मीनाक्कास,

धाकट्या बाबासोचा जयभीम. दाजींनाही जयभीम सांग आणि त्यांची साखर किती आहे ते तू स्वतः कळव. मागच्या पत्रात त्यांनी आपल्या हातानं लिहिलेला आकडा फार सुंदर होता. असा आकडा माणूस फक्त बायकोला दाखवण्यासाठी लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? नाशिकच्या त्या डॉक्टरांचं तेल लागू पडलं असेल तर तेलाचं नाव कळव, पडलं नसेल तर डॉक्टरांचं कळव, म्हणजे इथून कुणाला तिकडं पाठवणार नाही. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोन आप्पांच्या कॉटशेजारी आहे. तिथून बोलायचं म्हणजे हवामान आणि बाजारभाव याखेरीज विषय काढता येत नाही. आणि मला बोलायचंय ते आप्पांबद्दलच. एका वाक्यात सांगायचं तर आप्पांच्या हातून आता गाडी चालत नाही. अक्का, हे वाक्य गेले सहा महिने मी कुणासमोर उच्चारलेलं नाही. त्याऐवजी मी गाडी दुरुस्त करत बसलोय. माझ्या मूर्खपणाची हकिकत सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिली तर तुला ती शहाणपणाची वाटायची.

तीन वर्षांपूर्वी बँकेनं मला स्वेच्छानिवृत्त केलं (स्वेच्छा बँकेची, निवृत्ती माझी) तेव्हा मी ही लांब डिकीची पांढरी जुनी गाडी घेतली, हे तुला ठाऊकच आहे. एकतीस वर्षं एसटीची, म्हणजे दुसऱ्याची, लाल गाडी हाकलेल्या आप्पांना म्हातारपणी स्वतःची असावी, एवढाच हेतू. कागद माझ्या नावावर आणि किल्ली आप्पांच्या खिशात, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली. दोन वर्षं गाडी अशी चालली की शेजारचे गणपतराव म्हणायचे, मागच्या शिटावर चहा भरलेला कप ठेवला तरी बशीत थेंब येणार नाही. (गणपतरावांना फुकट फिरायला मिळत होतं, त्यामुळं ही साक्ष थोडी कमी करून घे.)

या एप्रिलात जयंतीला आप्पा विहारात जायला म्हणून निघाले आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला गाडी डाव्या अंगानं घासत नेली. पत्र्याला फारसं नाही, पण डावीकडच्या दोन्ही चाकांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. आप्पा खाली उतरले, चाकांकडं बघितलं आणि म्हणाले, चाकंच वाकडी हायत, म्हणून घासली. घासली म्हणून वाकडी झाली असतील, असं मी म्हणू शकलो असतो. पण नवे कपडे घातलेले, फेटा बांधलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप मोरीवर उभा राहून चाकाला दोष देत असताना कारण आणि परिणाम यांचा क्रम सुधारायला मी काही मास्तर नव्हे. मी म्हटलं, चाकं बदलू.

म्हणून उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका भंगारवाल्याकडं आपटलेल्या गाडीची चार मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची ओतीव चाकं, मिळाली. अवकळा अशी की ती नदीतून काढल्यासारखी वाटत होती. गुंडू म्हणून एक कारागीर आहे, पंपांच्या ओतीव भागांना बफिंग करतो, म्हणजे घासून चकाकी आणतो. त्यानं चारही चाकांचा जुना रंग औषधानं उतरवला, खड्डे वेल्डिंगनं भरले, लेथवर फिरवून कडा सरळ केल्या, इथपर्यंत काम असं झालं की बघत बसावं. मग पावडर कोटिंगसाठी चाकं भट्टीत गेली आणि त्या दिवशी भट्टीत एका मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांचा सोनेरी रंग चालू होता. वेगळा रंग लावायचा तर आठवडा थांबा, असं गुंडूला त्यांनी सांगितलं, आणि गुंडूनं माझ्या वतीनं परस्पर निर्णय घेतला की साहेबांना थांबायला आवडणार नाही. पंधरा दिवस आम्ही सोन्याच्या चाकांवरून कोल्हापुरात फिरलो. रंकाळ्यावर दोन माणसांनी नवरा कुठं आहे म्हणून आत वाकून बघितलं. शेवटी पुन्हा सगळं खरवडून चंदेरी करून घेतलं. आप्पांनी डेपोतल्यासारखं प्रत्येक चाकावर हातोडीनं ठोका मारून कान देऊन आवाज ऐकला आणि चारही पास केली.

जूनमध्ये मुरगूडला लग्नाला निघालो. पुढं आप्पा आणि मी, मागं सौ. आणि संघप्रिया. बिद्रीच्या अलीकडं रस्त्यात एक स्पीडब्रेकर आहे, आजचा नव्हे, कैक वर्षांचा, म्हशीच्या पाठीएवढा. त्यावरून आप्पांनी गाडी जराही वेग कमी न करता नेली. सौ. छताला लागली, आहेराचं भांडं संघप्रियेच्या मांडीवरून माझ्या मानेवर आलं. शॉकअप गेल्यात, आप्पा म्हणाले. आमच्या लेकीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर ऊस बघितला.

कृष्णात मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं बॉनेटवर दोन्ही हात टेकून दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि गप बसली. चारही कोपरे त्यानं असेच करून बघितले, मग हात पुसत मला बाजूला घेतलं.

"सायेब, गाडीला काय बी झालेलं न्हाय. म्हाताऱ्याचं डोळं दावा."

मी म्हटलं, नवे शॉकअप घाल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं डॉक्टर धडधाकट पायाला प्लास्टर घाला म्हणणाऱ्याकडं बघेल. (डोळे दाखवले होते, अक्का. मोतीबिंदू नाही, आतला पडदा झिजलाय म्हणाले. मधलं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि त्याला ऑपरेशन नाही. आप्पांना मी एवढंच सांगितलं की थेंब घालायचेत.) कृष्णातनं गॅसचे शॉकअप घातले आणि रागानं म्हणा की हौसेनं, स्प्रिंगा तरण्या पोरांच्या शर्यतीतल्या घातल्या. गाडी चार बोटं खाली बसली आणि इतकी कडक झाली की रस्त्यावर नाणं पडलेलं असेल तर ते छापा आहे की काटा हे बसल्या जागी कळावं. सौ.नं दुसऱ्या दिवसापासून भाजीला चालत जाणं पसंत केलं. स्प्रिंगा पुन्हा बदलल्या. आता खड्डा आला तर गाडी पाण्यावरच्या नावेसारखी हलते आणि थांबते.

तू विचारशील, तोंड होतं ना तुला? होतं. पण कुठल्या तोंडानं सांगायचं ते ऐक. तू सात वर्षांची होतीस, तुला थोडं आठवत असेल, मी ऐकून आहे. आप्पा सत्तावन्न साली एसटीत लागले आणि पहिली गाडी मिळाली ती मुरगूडच्या पुढच्या एका गावाची (नाव लिहीत नाही, तिथले सरपंच आता मला चहा पाजतात). दिवसातून एकच गाडी. पहिल्या दिवशी गावच्या एका कारभाऱ्यानं ड्रायव्हर कोण हे बघितलं आणि पुढच्या गाडीनं जातो म्हणून पारावर बसला. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी आली, तिच्यावरही आप्पाच. तिसऱ्या दिवशी त्याची कोर्टात तारीख होती. तो चढला, मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला, आणि कागल यायच्या आत तोंड उघडं टाकून झोपला. ज्या गावात आपल्या माणसांना पाणवठ्यावर उभं करत नव्हते, ते सगळं गाव एकतीस वर्षं आप्पांच्या दोन हातांवर जीव टाकून घोरत आलं आणि गेलं. एक अपघात नाही. महामंडळानं दिलेला बिल्ला कपाटात आहे, पण आप्पांचा खरा बिल्ला ते घोरणं होतं. आता त्या हातांना मी सांगू, की सोडा? मी, ज्यानं बँकेत तीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज न बिचकता नाकारले?

ऑगस्टमध्ये ते झालं. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्याजवळ आप्पांनी गाडी डावीकडं वळवली आणि दोन किटल्या लावलेली एक सायकल कडेनं चालली होती ती गाडीला लागून आडवी झाली. मी ओरडलो त्याच्यानंतर गाडी थांबली. दूधवाल्याचं कोपर सोललं, बाकी काही नाही, पण किटल्या गडगडत गेल्या आणि रस्ताभर पांढरं झालं. आप्पा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते, कंडक्टरच्या डबल बेलची वाट बघितल्यासारखे. तो माणूस शिव्या देत खिडकीशी आला आणि आत वाकला.

"डायवरमामा? तुमच्याच गाडीनं मी शाळंला येत हुतो की."

लोक जमले होते, त्यांना त्यानंच पांगवलं. काय न्हाय, माझाच तोल गेला म्हणाला. दुधाची भरपाई घ्यायला तयार होईना. त्यानं शिव्या चालूच ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही घरी आलो. दारात उतरताना आप्पा म्हणाले, ब्रेक लागला न्हाय.

मग मी काय केलं असेल? ब्रेक बदलले. कृष्णातनं यावेळी काही विचारलं नाही, वादही घातला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलच्या मोठ्या डिस्क पुढं बसवल्या, मागं नवे लायनर, नवा बूस्टर, नव्या नळ्या. आता ब्रेक असा आहे की अंगठ्यानं सांगावं आणि गाडीनं ऐकावं. पण आप्पांचा पाय एसटीचा. त्या जुन्या गाडीचा ब्रेक लावायला शिटावरून अर्धं उठून अंगाचा भार टाकावा लागायचा, तो पाय त्यांनी ट्रायलला टाकला. मी, कृष्णात आणि मागं बसलेले गणपतराव, तिघांनी एकदम डॅशबोर्डाला आणि पुढच्या शिटाला वाकून नमस्कार केला. गणपतरावांच्या कवळीचं पुढं काय झालं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. त्या दिवसापासून ते चालायला लागलेत आणि त्यांची तब्येत सुधारलीय.

तर आता गाडीत एकही दोष उरलेला नाही. चाकं गोल, शॉकअप नवे, ब्रेक कडक. हे सगळं करताना माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही, की गाडीतला एकेक दोष काढून टाकला की शेवटी आत बसलेला माणूसच शिल्लक राहतो. मीच त्यांच्या लपायच्या जागा एकेक करून बंद केल्या. पण आप्पा तयारीचे आहेत. गेले तीन आठवडे रोज नवं निघतंय. शीट पुढं सरकतंय, हॉर्नचा आवाज बसलाय, वायपर उलटा फिरतोय, कुठंतरी जळल्याचा वास येतोय. कृष्णात येतो, बघतो, चहा पितो, जातो. किल्लीही हल्ली खिशात नसते, खुंटीला अडकवलेली असते. रुसलेत, दुसरं काय. माझा विश्वास उडाला असं त्यांना वाटू नये म्हणून रोज सकाळी मीच ती काढून त्यांच्या हातात देतो. ते घेतात, बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारतात, आणि काहीतरी बिघाड घेऊन आत येतात. मी सुटल्यासारखा श्वास सोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली देतो. असं किती दिवस चालणार? गंगावेशीतला प्रत्येक माणूस काही लहानपणी त्यांच्या गाडीनं शाळेला गेलेला नाही.

असो. दाजींना पथ्य सांभाळायला सांग. सौ.चा आणि संघप्रियेचा जयभीम.

तुझा भाऊ,
बाबासो

ता. क. : दिवाळीच्या सुट्टीत तू येणार आहेसच असं समजून चाललोय. नसशील येणार तर ये. हे मोठं पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. तू थोरली आहेस, तुझ्या एका शब्दावर त्यांनी बिडी सोडली होती. किल्ली तू मागून घे. मला जमणार नाही.

ता. क. २ : पाकीट आप्पांच्याच हाती पोस्टात टाकायला देतोय. घरातली पत्रं तेच टाकतात, मी गेलो तर संशय येईल. दर पत्राखाली ते तुला दोन ओळी लिहितात म्हणून आपण जागा सोडतो, ती यावेळी सोडलेली नाही, आणि डिंक भरपूर लावलाय.

मीना, जयभीम. पाकीट मी फोडलं. माझ्या दोन वळीबिगर तुला कधी पत्र गेलंय का? म्हणून ह्या कडंला लिवतोय. बाबासोनं लिवलंय ते खरं हाय. फकस्त चाकाचं खोटं हाय, चाकं वाकडीच हुती. दूधवाला मला दिसला न्हाय. ब्रेक मी दाबलाच न्हवता. तवापासनं ष्टेरिंगला हात लावला की हात गार पडत्यात. पर ह्यो रोज सकाळी किल्ली आणून हातात ठिवतोय. एवढी खटपट करून पोरानं माझ्यासाठी गाडी नीट केलीया, त्येला न्हाय कसं म्हणू? म्हणून शीट, हॉरन असलं कायबाय काढतोय. आता काढाय काय राहिलं न्हाय. तू ये, आणि म्हाताऱ्याला किल्ली देऊ नगंस म्हणून त्येला सांग. मी सांगितलं असं म्हणू नगंस.
आकाराम