चौदा नंबर माझ्याकडे, तेरा तुझ्याकडे

सिद्राम गड्या,

शरणु शरणार्थी. पत्रबित्र लिहायची सवय ना तुला, ना मला. समोरासमोर गॅरेज असलेल्या माणसांना पत्र कशाला लागतंय? एक शिट्टी मारली की झालं. आता शिट्टी मारून तू येत नाहीस, म्हणून हा कागद.

आणि आजच का, तेही ऐक. काल गंगव्वावहिनींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भावजी, ह्यांची हत्यारांची पेटी जरा बघा की. काय भाव येतोय सांगा. तुमी सांगाल तसं इकून टाकू." तुझ्या हत्यारांची किंमत करायला मी! ज्याला तू तोंडावर सांगितलं होतंस की तुला हत्याराची किंमत नाही, त्यालाच बोलावलं बघ! तू असतास तर हसून हसून ठसका लागला असता.

आदल्या दिवशी भंगारवाला येऊन गेला होता. त्यानं म्हणे सरळ वजनकाटाच काढला आणि किलोवर भाव सांगितला. वहिनींच्या मनाला ते पटलं नाही. सव्वा महिना झाला तुला जाऊन, अजून त्या तुझा हात पुसायचा फडका धुवायला टाकत नाहीत, आणि हा पेटी काट्यावर चढवायला निघालेला! मी असतो तर त्यालाच काट्यावर बसवला असता.

तुला आठवतंय, आपण दोघांनी भवानी पेठेत पत्र्याचं शेड घेतलं तेव्हाचं? तू मैंदर्गीचा, मी मंगळवेढ्याचा. खिशात दमडी नाही, पण ऐट अशी की सोलापुरातले सगळे टेम्पो आपल्याच दारात उभे राहणार. मी म्हटलं, रस्त्यावरच्या पथारीवर पान्यांचा सेट स्वस्तात मिळतोय, तो घेऊ. तू ऐकलं नाहीस. दुकानात जाऊन नटावर चढवायच्या वीस गोट्यांचा, सॉकेटचा, असा सेट आणलास की शेडचं दोन महिन्यांचं भाडं त्यात गेलं. मी किती ओरडलो! पंधरा दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर काढले आपण.

तेव्हा तू म्हणाला होतास, "दत्त्या, स्वस्त पाना एकदाच घ्यायचा आणि रोज बोटं फोडून घ्यायची. नट गोल झाला तर गिऱ्हाईक पान्याला शिवी देत न्हाई, आपल्याला देतंय." त्या वेळी मला ते बोलणं शहाणपणाचं नाही, शिष्टपणाचं वाटलं. पण गोटी नटावर चढवून बघितली आणि पटलं. टोपी डोक्यावर बसावी तशी बसली. जराही हलली नाही, जराही घसरली नाही.

आणि मग मी ते पाप केलं. चादरींचे गठ्ठे भरलेला टेम्पो, चाकाजवळचा बोल्ट गंजून घट्ट झालेला, मालक डोक्यावर उभा. मी गोटी फिरवायच्या रॅचेटच्या मुठीवर लोखंडी पाईप चढवला आणि वर उभा राहून उडी मारली. कट् करून आवाज आला, बोल्टाचा नव्हे, रॅचेटचा. आतले दाते गेले. रॅचेट फिरवायला असतो, जाम बोल्ट फोडायला नसतो, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. घाई होती.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू रॅचेट पुसलास, फडक्यात गुंडाळलास आणि दोन दिवस बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "हत्याराची किंमत नसलेल्या मानसाबरोबर मी धंदा करत न्हाई." मी पण काय कमी? त्याच दिवशी रस्ता ओलांडला आणि समोरचं शेड भाड्यानं घेतलं.

बाकीची वाटणी चहा पिता पिता झाली. शिकंजा तुला, जॅक मला. अडलं ते त्या गोट्यांवर. तू माझे पैसे घेईनास, मी तुझे घेईना, आणि अख्खा सेट दुसऱ्याला द्यायची दानत दोघांतही नाही. शेवटी तूच म्हणालास, "सम नंबर तुझे, विषम माझे. हौद? पटतंय?" मी मनात मोजलं. सम बारा, विषम आठ! वर गोट्या फिरवायची साधी दांडी पण मला आणि तुला तो मोडका रॅचेट. मी लगेच हो म्हटलं आणि सिद्रामला कसा फसवला म्हणून दिवसभर मिशीत हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच काम आलं आणि लागला तेरा नंबर. मग सतरा. मग एकोणीस. टेम्पोला दुसरं लागतंय काय! दात-ओठ खात तुझ्याकडे आलो, "तेरा दे." तू दिलास. मी वळलो तेवढ्यात मागनं हाक, "ये दत्त्या, जाता जाता चौदा पाठवून दे की."

तेव्हापासून सव्वीस वर्षं! सगळा रस्ता हसायचा आपल्याला. अरे, एक सुटी गोटी केवढ्याला येते? एका जेवणाच्या पैशात एक, अशा वर्षभरात सगळ्या आल्या असत्या. पण आधी घेणार कोण? जो घेईल तो हरला, असं आपणच ठरवलं होतं, न बोलता. नंबर सांगून मागायची आणि काम झालं की परत करायची. एकदा मी तेलकट गोटी परत पाठवली, तर ती तशीच माझ्या पायाशी आणून ठेवलीस. "पुसून दे." बस, एवढंच! आज माझ्या शेडमधलं प्रत्येक हत्यार रात्री पुसून खिळ्याला लागतंय, ते त्या दोन शब्दांमुळे.

मग दिवस फिरले. नवीन गाड्या कंपनीच्या सर्व्हिसला जायला लागल्या, माझं गिऱ्हाईक तुटलं. तुझं नाही तुटलं. तुझ्या हाताला यश होतं आणि तोंडात साखर, माझं तोंड तुला माहीतच आहे. पण एका गोष्टीचा मला लई माज होता बघ. तू रोज यायचास. गुडघे सुजलेले, तरी यायचास. "दत्त्या, बारा दे. दत्त्या, चौदा दे." चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना सांगायचो, "एवढा मोठा सिद्राम मिस्त्री, पण माझ्या गोटीवाचून त्याचं इंजिन खुलत न्हाई!"

आणि गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार. आपलं काय बिनसलं होतं तेही आता आठवत नाही. तू चौदा मागायला आलास. मी म्हटलं, "कामात हाय, थांब." गोटी माझ्या मागं खिळ्याला लटकत होती, तुला दिसतही होती. सोलापूरचं ऊन, डोक्यावर पत्रा, आणि तुला मी अर्धा तास दारात उभा केला. तू फक्त म्हणालास, "घाई न्हाई." सिद्राम, त्या अर्ध्या तासाची मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण सांगितलं नाही.

तर काल मी पेटी उघडून बसलो. वहिनी उंबऱ्यावर, आणि तुझी महादेवी भिंतीला टेकून उभी. पोरगी सर्व्हिस सेंटरला नोकरी करते, तिला ती सोडून तुझं गॅरेज चालवायचंय, हे मला वहिनींनी आधीच कानात सांगितलेलं. "बाईमानूस रस्त्यावर बसून टेम्पो खोलनार व्हय, भावजी? लोक काय म्हनतील? त्यापेक्षा इकलेलं बरं." महादेवी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं सगळं माझ्या एका आकड्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते मला कळत होतं.

मी एकेक हत्यार काढायला लागलो. काय राखलंस रे! तीस वर्षांपूर्वीचा रिंगपाना, पण त्यावरचा नंबर अजून नखाला लागतो. मी मोडलेला तो रॅचेट, नवे दाते बसवून, तेल देऊन, नव्यासारखा. फिरवला तर घड्याळासारखा टिकटिकला. मला अभिमान वाटला, गड्या. हा माझा भागीदार होता, असं त्या भंगारवाल्याला हाक मारून सांगावंसं वाटलं.

मग एक पाना हाताला लागला. मान वाकडी, एका बाजूनं घासून अर्धा पातळ केलेला. मी बाजूला टाकला. "ह्यो गेलाय. ह्याचं काय येणार न्हाई."

"गेला नाही तो, काका." महादेवी पहिल्यांदा बोलली. "अप्पांनी मुद्दाम घासलाय. स्टार्टरच्या मागचा बोल्ट दुसऱ्या कुठल्याच पान्यानं निघत नाही. हा नसला तर इंजिन खाली उतरवावं लागतं."

माझे कान तापले. चाळीस वर्षं हात काळे केले मी, आणि बोल्ट तर सोड, पानासुद्धा ओळखला नाही! बरोबर बोलत होती ती. नवा पाना दुकानात कुणालाही मिळतो. हा कुठल्या दुकानात मिळतो? कुठला बोल्ट अडतो हे आधी डोक्याला कळावं लागतं, मग हातानं घासावा लागतो. भंगारवाल्याच्या काट्यावर तर तो घासल्यामुळे उलट हलकाच भरला असता.

मी तिच्याकडे नीट बघितलं. तुझंच नाक, तुझाच हट्टी जबडा. म्हटलं, "अजून काय हाय खाली?"

तिनं तळातला कप्पा ओढला. आत गोट्यांचा नवाकोरा सेट. वीसच्या वीस, सम आणि विषम. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.

"ह्यो कुणाचा?"

"मी आणलेला. पहिल्या पगाराचा. सहा वर्षं झाली."

"मग वापरला न्हाई?"

"एकदाही नाही. मला लई राग आला होता. भांडलेच मी. तर म्हणाले," आणि तिनं अगदी तुझा आवाज काढला, "'ह्यो उघडला की मला दत्त्याकडं जायचं कारन न्हाई. मी मागायचा थांबलो की त्यो एकटाच मागनारा होतोय. मंगळवेढ्याचं खोड हाय त्ये. एकटं मागनार न्हाई, उपाशी बसंल.'"

सिद्राम!

सहा वर्षं? सुजलेले गुडघे घेऊन सहा वर्षं रस्ता ओलांडलास तू, माझी मान ताठ राहावी म्हणून? पेटीत चौदा नंबर पडलेला असताना माझ्या दारात उन्हात उभा राहिलास? अरे गाढवा, दोन शिव्या घालायच्या होत्यास! टपरीवर मी बढाया मारायचो तेव्हा चहाच्या कपात तोंड घालून हसायचास, ते ह्यासाठी होय? मी तिथंच पालथ्या बादलीवर बसलो आणि वहिनींसमोर, पोरीसमोर ढसाढसा रडलो. मिशा पिकल्या, पण लाज वाटली नाही.

डोळे पुसून वहिनींना म्हटलं, "भाव ऐकायचाय न्हवं? ह्या पेटीला गिऱ्हाईक न्हाई. हिची मालकीण हितं भिंतीला टेकून उभी हाय. घासलेला पाना हिला कळतोय, मला कळला न्हाई."

"आणि लोक, भावजी?"

"लोकांचा टेम्पो भर बाजारात बंद पडला की लोक गप बसत्यात. ज्याच्या हातानं चालू झाला त्याच्या पाया पडत्यात."

वहिनी लई वेळ उंबरा बोटानं खरवडत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमी समोर हाय न्हवं?"

"हाय की."

"मग बसू दे तिला."

निघताना महादेवी तो नवा सेट माझ्या हातात द्यायला लागली. मी नाही घेतला. तू प्लास्टिक फाडलं नाहीस, मी कोण फाडणार?

आज सकाळी तुझं शटर वर गेलं. नऊ वाजता एक टेम्पो येऊन लागला, पोरगी खाली घुसली. टपरीवरचे चारजण कप हातात धरून बघत उभे. थोड्या वेळानं ती हात पुसत उठली आणि त्या सगळ्यांच्या समोरनं रस्ता ओलांडून माझ्या दारात आली.

"काका, चौदा नंबर द्या की."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. तिच्या पेटीत काय आहे, ते तिला माहीत, मला माहीत. मी खिळ्यावरनं चौदा नंबर काढला आणि दिला. तासाभरात परत आला, पुसून.

तुझी पोर आहे, सिद्राम. अगदी तुझी.

आता माझा शब्द घे. हातात जोर आहे तोवर रोज एकदा तरी मी रस्ता ओलांडून तुझ्या लेकीच्या गॅरेजात जाईन, आणि टपरीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं गोटी मागेन. दत्ता मिस्त्री महादेवीकडे मागायला येतो, हे अख्ख्या भवानी पेठेला दिसलं पाहिजे. आत्ता हे पत्र संपलं की निघालोच. तेरा नंबरचं काम आज माझ्याकडे एकही नाही. तरी मागणार.

तुझा समोरचा,
दत्ता