कोर्ट उठेपर्यंत

मी, मथुराबाई, कै. येसाजीराव झिंगाडे यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने अगर भिडेने नव्हे, तर माझ्या खुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. घरात आम्ही मराठी बोलतो म्हणून मराठीत लिहिते; कोर्टाला पाहिजे तर कानडीत उतरवून घ्यावं. अक्षर लागत नसेल तर तक्रार इन्स्पेक्टर केंपराजू यांच्याकडे करावी. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी मोडली आहेत.

घरच्यांना हे पाठ आहे, पण कागद परक्यांच्या हातात जाणार म्हणून सांगते. आमच्या दुकानात पोलिसांचे गणवेश शिवले जात. केंपराजू तेव्हा सब-इन्स्पेक्टर होता. परेडच्या आधी पँट कमरेत सैल करून मागायला आला. मी म्हणाले, "साहेब, शिलाईत दाबलेलं कापड संपलं. आता तुम्हीच स्वल्प पोट आत घ्या." दुकानातली माणसं हसली, त्याचे दोन शिपाईही हसले. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी सरकारी कापड चोरल्याचा आळ घेऊन मला ठाण्यात बोलावलं. त्याच दोन शिपायांनी माझा हात टेबलावर दाबून धरला आणि त्याने काठी मारली. "आता कर काजं," म्हणाला. त्यानंतर माझ्या हाताने एकही काज झालेलं नाही.

खटला अकरा वर्षं चालला. तिघेही दोषी ठरले, मी देवापुढे साखर ठेवली. मग शिक्षा सांगितली: थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं. कारण काय, तर नोकरी लांबलचक, घरी म्हातारे आईवडील, मुलं शिकताहेत, गुन्हा पहिलाच. तिघे पंख्याखालच्या बाकावर बसले. एक शिपाई तर डुलक्या घेत होता. त्या दिवशी मीही कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसले होते. म्हणजे मारणाऱ्याला आणि मार खाणारीला शिक्षा सारखीच झाली.

शिक्षा वाढवावी म्हणून मी उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. तो पडून आहे. मी मेले की अर्जही मरेल, म्हणून केंपराजू माझ्या मरणाकडे डोळे लावून बसला आहे. तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम १. दुकान भाड्याने द्यावं. भाडं माझा मुलगा अभिराज याने घ्यावं. पण दुकानाच्या पायरीवर फुलं विकायला बसण्याचा गंगव्वाचा हक्क ती जिवंत आहे तोवर कोणी काढू नये. त्या दिवशी ती माझ्याबरोबर ठाण्यात आली होती आणि दारातून सगळं बघत होती. केंपराजूच्या वकिलाने तिला कोर्टात दरडावलं, "काय मिळालं तुला हे सांगायला?" ती म्हणाली, "मी फुलं विकते, सरी? बरोबर ना? डोळे विकत नाही." या कागदावर तिचीच सही घ्यायची होती. पण जिला काही मिळतं तिची साक्ष नको, असं वकील म्हणतात. कमाल आहे बाई या कायद्याची.

कलम २. माझा चष्मा चुलत दीर आप्पाजी यांना द्यावा. तेही ठाण्यात आले होते. कोर्टात मात्र म्हणाले, मी तेव्हा बाहेर लघवीला गेलो होतो, काही दिसलं नाही. याखेरीज त्यांना काहीही देऊ नये. माझ्या तेराव्याला जेवायला आले तर वाढावं, पण जिलेबी वाढू नये.

कलम ३. केंपराजूची ती खाकी पँट कपाटात आहे, कंबर उसवलेली, तशीच. तो निवृत्त होईल त्या दिवशी त्याच्या सत्काराच्या जागी, हारतुरे चालू असताना, नेऊन द्यावी. शिवून देऊ नये.

कलम ४. बँकेतली ठेव आणि माझे दागिने अभिराजला. घर त्याला देत नाही. मुलगा गुणाचा आहे, मला कधी उलटून बोलला नाही. पण तो केंपराजूलाही कधी उलटून बोलला नाही. "आई, सोडून दे ना आता," हे त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की कान किटले. अरे, बोटं माझी मोडली, सोडून तू काय देतोस?

कलम ५. हे राहतं घर माझी सून सिद्धी हिला. ती मूळची पुण्याची, हेब्बाळच्या कंपनीत नोकरी करते. तिला घर का, हे ऐकून नातेवाईक तोंडात बोटं घालतील, म्हणून लिहिते. तिघे दोषी ठरले होते आणि शिक्षा ठरायची होती, त्या मधल्या दिवसांत संक्रांत आली. आमच्याकडे त्या दिवशी बायका तीळ, गूळ, खोबरं, उसाचं ताट घेऊन घरोघर जातात. दारात आलेल्या सवाष्णीला कोणी तसंच परत पाठवत नाही. मी देवळात गेले होते. एक बाई ताट घेऊन आली. लग्न होऊन पहिलीच संक्रांत, सिद्धीला काय ठाऊक ही कोण! तिने पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, लावून घेतलं, ओटी भरली. "अक्का, एक फोटो काढूया," बाई म्हणाली. दोघी फोटोत हसल्या. ती केंपराजूची बायको भव्या होती. तोच फोटो वकिलाने कोर्टापुढे ठेवला. दोन्ही घरच्या बायकांत आता गोडवा आहे म्हणे, मग साहेबांना तुरुंगात कशाला घालायचं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कित्येक महिने मी सुनेशी बोलले नाही. तिने भांडण काढलं नाही की माहेरी गेली नाही. ती कानडी शिकली. मग भव्याच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही मला लावलेलं कुंकू मी त्याच दिवशी धुतलं असतं, तुम्ही कोण ते सांगितलं असतंत तर." उच्च न्यायालयात त्या फोटोची खरी हकीकत सांगणारं प्रतिज्ञापत्र दिलं ते तिने. दर तारखेला माझ्याबरोबर येते ती एकटी. म्हणून घर तिला.

<s>अट: सिद्धीने अर्ज शेवटपर्यंत चालवावा. तडजोड केली किंवा एकाही तारखेला चुकली, तर घर काढून घेऊन देवळाला द्यावं.</s>

वरची अट मी खोडली आहे. का, तेही लिहिते. सकाळी कॉफी ठेवायला आली तेव्हा सिद्धीने हे पान वाचलं.

"आई, केंपराजूला कोर्टाने काही अट घातली होती का हो?"

"नाही."

"मग मलाच का?"

तिने बॅग उचलली. दारातून म्हणाली, "सोमवारची रजा टाकलीय मी. तारीख आहे."

त्याला सुटताना जितकं कोणी बांधलं नाही, तितकं मी या पोरीला बांधायला निघाले होते. घर तिचं, बिनशर्त. विकून पुण्याला गेली तरी तिचंच. अर्जात माझ्या जागी तिचं नाव लावावं, तिची इच्छा असेल तर. ती लढेल असं मला वाटतं, पण ते तिने ठरवावं.

केंपराजूला मात्र मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. त्याला देवाने भरपूर आयुष्य द्यावं. निकाल लागेल त्या दिवशी तो जिवंत पाहिजे.

खोडलेल्या मजकुराशेजारी वेगळी सही केली आहे. बाकी सारं मला मान्य आहे.

स्थळ: बनशंकरी, बेंगळुरू
दिनांक: ९ ऑगस्ट २०२५

(सही) मथुराबाई येसाजीराव झिंगाडे

आमच्यादेखत त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली. मदत करू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

साक्षीदार:
१. विठोजी माळवदे, शेजारी (सही)
२. राजलक्ष्मी पुकाळे, निवृत्त शिक्षिका (सही)